जेट स्की दहा मिनिटांत दम सोडते: कार्बोरेटर दोनदा साफ करूनही तेच का होतं

तुमच्याकडे १९९० च्या दशकातली, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली जेट स्की असेल आणि तिची तक्रार खाली लिहिल्यासारखी असेल, तर आधी हे पूर्ण वाचा आणि मगच पाना हातात घ्या.

तक्रार अशी. गाडी एका स्टार्टला चालू होते. आयडलिंगला नीट बसते. किनाऱ्यावरून निघताना पिकअप उत्तम. पूर्ण थ्रॉटलवर आठ-दहा मिनिटं झाली की आवाज बसतो, वेग उतरतो, थ्रॉटल कितीही दाबला तरी गाडी पुढं जात नाही. थ्रॉटल सोडून दोन मिनिटं थांबलं की परत चालते, परत बसते. कार्बोरेटर खोलून साफ केला की पंधरा दिवस झकास, सोळाव्या दिवशी मालकाचा फोन.

माझं गॅरेज बेळगावात, उद्यमबागेच्या बाजूला. मूळ काम दुचाकींचं. आरएक्स १०० आणि येझदी सांभाळून ठेवलेली माणसं आमच्याकडे बरीच आहेत, त्यामुळं टू-स्ट्रोकचं काम हातात बसलेलं. त्या ओळखीतूनच मालवणचे एक दादा आपली जेट स्की टेम्पोत घालून आंबोली घाटातून, शिनोळीवरून माझ्याकडे घेऊन आले. सुमारे ७२० सीसीचं इंजिन, दोन मिकुनी सुपर बीएन कार्बोरेटर. दादांनी एका वाक्यात आजार सांगितला: "धा मिन्टां बरी धावता, मगे दम सोडता."

मी ऑक्टोबरात कार्बोरेटर साफ केले. नोव्हेंबरच्या अखेरीस परत साफ केले. नाताळाच्या गर्दीत, पर्यटक भरलेले असताना, मागचा पिस्टन चिकटला. गाडी तिसऱ्यांदा आली ती दोरीनं ओढून किनाऱ्याला लावलेली. दादांचा ऐन हंगाम गेला, आणि तो मी दोन वेळा अर्धवट काम करून परत पाठवल्यामुळं गेला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मोटारसायकलवाला कुठं चुकतो

कार्बोरेटर पहिल्यांदा उघडला तेव्हा हाताखालचा पोरगा म्हणाला, "अण्णा, ह्यात फ्लोटच न्हाई की!" त्याचं बरोबर होतं. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये खाली वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं, तरंगणारा फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे निडल, बंद होते. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरतं. जेट स्की लाटांवर उडते, आडवी होते, उलटीसुद्धा होते. वाटीतलं पेट्रोल तिथं जागेवर राहणार नाही. शिवाय टाकी हलच्या, म्हणजे गाडीच्या होडीसारख्या खालच्या अंगाच्या, पोटात, कार्बोरेटरच्या खालच्या पातळीवर. पेट्रोल वर ओढावं लागतं.

ते ओढायला कार्बोरेटरच्या अंगावरच एक पंप असतो. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, प्रत्येक फेऱ्याला दाब वाढतो आणि उतरतो. तो दाब एका जाड नळीतून पंपाच्या डायफ्रामपर्यंत, म्हणजे लवचिक पडद्यापर्यंत, येतो, डायफ्राम धडधडतो, आणि दोन छोट्या पापुद्र्यांच्या झडपांमधून पेट्रोल पुढं ढकललं जातं. या नळीला पल्स लाइन म्हणतात. पुढं दुसरा डायफ्राम. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. इंजिनानं ओढ दिली की हा डायफ्राम आत येतो, एक लिव्हर दाबतो, निडल उघडते. फ्लोटचं काम तो करतो. जास्तीचं पेट्रोल परतीच्या नळीतून टाकीत जातं.

हे समजलं की आजाराचं निदान बदलतं. मोटारसायकलमध्ये पेट्रोल कमी पडलं तर आपण जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, बघतो. इथं टाकीपासून जेटपर्यंतच्या वाटेत कुठंही अडथळा आला, कुठंही हवा शिरली, तरी लक्षण एकच दिसतं. आयडलिंगला पेट्रोल थोडं लागतं, म्हणून गाडी उभी असताना सगळं ठीक. पूर्ण थ्रॉटलवर मागणी वाढते आणि वाट अपुरी पडते. गॅरेजमध्ये नळाच्या पाण्यावर (इंजिन थंड ठेवायला नळ जोडून) दोन मिनिटं चालवून "झालं, घेऊन जावा" म्हणणं म्हणूनच धोक्याचं. मी ते दोनदा म्हणालो.

पाण्यात असतानाच करून बघायच्या गोष्टी

गाडी दम सोडते त्या क्षणी थ्रॉटल तसाच धरून चोक अगदी थोडा ओढा. आवाज सुधारला, गाडी पुढं झेपावली, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. चोकनं ती अजून गुदमरली तर उलट पेट्रोल जास्त होतंय किंवा दोष इग्निशनचा आहे. ही एक खूण मला ऑक्टोबरातच माहीत असती तर पिस्टन वाचला असता.

मग टाकीचं झाकण ढिलं करून बघा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर टाकीत हवा जायची वाट बंद आहे. व्हेंटच्या नळीत एक एकेरी झडप असते, ती मिठानं चिकटते. मालवण-कारवारच्या गाड्यांत हे नेहमीचं. दहा मिनिटांनंतरच त्रास सुरू होण्याचं हेही एक कारण असतं, कारण टाकीत ओढ तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

पेट्रोलचा कॉक ऑनवरून रिझर्व्हवर फिरवा. फरक पडला तर ऑनच्या नळीचं तोंड टाकीत बुजलंय.

या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. जो चालवतो त्याला फोनवरून सांगितल्या तरी तो करू शकतो. मात्र चोक ओढून बघणं एकदाच, निदानापुरतं. चोकच्या आधारानं दिवसभर फेऱ्या मारू नका.

घाण कुठून येत होती

तिसऱ्या वेळी मी कार्बोरेटरला हात लावायच्या आधी थांबलो. दोनदा साफ केलेला कार्बोरेटर परत भरतो, म्हणजे घाण त्याच्यात तयार होत नाही, त्याच्याकडे येते.

पंपाचं झाकण काढलं की आत एक बारीक जाळी दिसते, करंगळीच्या नखाएवढी. बऱ्याच मेकॅनिकांना ती असते हेच ठाऊक नसतं, कारण ती पंपाच्या थरांखाली लपलेली. ती जाळी मी ट्यूबलाइटसमोर धरली. उजेड येईना. तिच्यावर हिरवट, चिकट थर बसला होता, जुन्या समईच्या बुडाशी साठलेल्या तेलासारखा. बोटावर घेतला तर तार निघत होती. माती नव्हती, गंज नव्हता. महिन्याभरापूर्वी मीच ही जाळी स्वच्छ करून बसवली होती.

मग टाकीपासून कॉकपर्यंतची करड्या रंगाची नळी काढली. वरून चांगली दिसत होती, भेग नाही, गळती नाही. ब्लेडनं उभी चिरली. आतला थर मऊ पडून सुटत होता. नखानं खरवडला तर तोच हिरवट डिंक नखात आला.

तीच नळी गुन्हेगार. त्या काळच्या अनेक जेट स्कींना कारखान्यातून अशाच करड्या नळ्या यायच्या. आतल्या अस्तरातून पेट्रोल, विशेषतः इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, हळूहळू चिकट द्रव्य सोडवतं. ते वाहत जातं आणि वाटेतल्या सगळ्यात बारीक जागी अडकतं. ती सगळ्यात बारीक जागा म्हणजे कार्बोरेटरमधली जाळी. पितळी जोडांपाशी रंग जास्त हिरवा येतो.

इथेनॉलचा विषय आमच्या भागाला परका नाही. चिकोडी, अथणी, गोकाककडचा ऊस कारखान्यात जातो, तिथली मळी डिस्टिलरीत. आमच्या पाहुण्यांच्या शेतातही ऊसच आहे. इंधनातलं इथेनॉल शेतकऱ्याच्या हिताचं आहे हे मी मानतो. पण २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोचलं. तीस वर्षांपूर्वी बनलेली नळी, ओ-रिंग आणि डायफ्राम या पेट्रोलासाठी बनलेले नव्हते. जुनं यंत्र ठेवायचं तर रबर नवं घालावं लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून पहिलं काम: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची आणि परतीची, एकूण एक नळी बदला. एखादी चांगली दिसते म्हणून ठेवू नका. नवी नळी इथेनॉल सोसणारी हवी. एसएई जे३०आर९ असं छापलेली फ्युएल इंजेक्शनची नळी मी वापरतो. साध्या दुकानातली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इथं चालणार नाही. ती कडक होते आणि हल गरम झाला की जोडातून निसटते. पल्स लाइनही त्याच दिवशी बदला. तिला चिरा पडल्या तर पंप अर्ध्या ताकदीनं चालतो, शिवाय क्रँककेसमध्ये हवा शिरते. आवळायला फ्युएल इंजेक्शनच्या, कडा दुमडलेल्या क्लिपा घ्या. स्क्रूच्या खाचेदार पट्टीवाल्या क्लिपा बारीक नळीला कापतात.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा: ओढणाऱ्या बाजूच्या नळीला भोक असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली थेंब दिसत नाही म्हणून जोड घट्ट आहे असं समजू नका. मी परतीच्या नळीत वीतभर पारदर्शक तुकडा तात्पुरता जोडतो आणि इंजिन चालू करून बघतो. सुरुवातीचे बुडबुडे गेले पाहिजेत. ते येतच राहिले तर कुठून तरी हवा शिरतेय. आमच्या गाडीत ती फिल्टरच्या वाटीच्या ओ-रिंगमधून शिरत होती. वाटी हातानं घट्ट लागत होती, पण रिंग चपटी झालेली. ओ-रिंगचं दुकान उद्यमबागेत शोधावं लागत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या रबराची मागा, एवढंच.

पेट्रोलचा कॉकही खोला. आमच्या कॉकमधलं भोक डिंकानं अर्धं झालं होतं. मी नवा मागवला. टाकीतली नळ्यांची जुडी बाहेर काढून तिच्या तळाच्या जाळ्या धुतल्या आणि टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी केली.

हे सगळं सीट काढून, उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती हलच्या तळाशी बसून राहते आणि तिथं बॅटरी असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. काम झाल्यावर चालू करण्यापूर्वीही सीट थोडा वेळ उघडी ठेवायची, वास पूर्ण जाईपर्यंत.

कार्बोरेटर आता उघडायचा

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रूंची मोजणी लिहून ठेवा. कमी थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा लो स्क्रू हळूच आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा. जास्त थ्रॉटलच्या हाय स्क्रूचंही तसंच. टेकला की थांबा, आवळू नका. टोक दबलं तर पुढं कधीच नीट बसत नाही. हाय स्क्रू काही गाड्यांत कारखान्यातूनच पूर्ण बंद असतो. त्यामुळं "उघडून बघू या काय होतंय" असं करू नका. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधले आकडे मिळवा आणि तेच धरा.

दोन्ही कार्बोरेटरचे भाग वेगवेगळ्या ताटल्यांत ठेवा. आमच्या गाडीत पंप एकाच कार्बोरेटरवर आहे, दुसऱ्याला पेट्रोल पहिल्यातून जातं. दिसायला जुळे, आतून नाहीत. जाळी मात्र दोन्हींत आहे. मागच्या कार्बोरेटरची जाळी जास्त बुजली होती आणि चिकटला तो पिस्टनही मागचाच.

मुख्य जेटच्या बाजूला एक झडप असते. काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्याची, बिंदीएवढी. तिच्यावर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा जोरात मारला किंवा कंप्रेसरची हवा थेट लावली तर पापुद्रा वाकडा होतो. मग आयडलिंगला हवा उलटी शिरते आणि गाडी का खोकते हे आठवडाभर कळत नाही. ती आधी सोडवून बाजूला ठेवा. डायफ्राम आणि रबर पूर्ण काढल्याशिवाय क्लीनरची बाटली उघडूच नका.

जेटमध्ये तार घालायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, मलाही होती. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं, डोळ्याला दिसत नाही. मी धातूचा सांगाडा आणि जेट घेऊन शहापुरातल्या एका सराफाकडे गेलो. दागिने धुवायला त्यांच्याकडे अल्ट्रासॉनिक यंत्र असतं. गरम पाणी आणि साबणाच्या द्रावात दोन वेळा, प्रत्येकी वीस मिनिटं. थ्रॉटलच्या पातीपाशी भिंतीत सुईच्या टोकाएवढी तीन भोकं ओळीनं असतात, थ्रॉटल उघडायला लागतो तेव्हा पेट्रोल तिथून येतं. माझ्या हाताच्या सफाईत त्यातली दोनच उघडत होती. यंत्रातून आल्यावर तिन्हीतून क्लीनरची धार सुटली. सराफांनी पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्या स्कूटरचा कार्बोरेटर करून दिला.

किट, म्हणजे कार्बोरेटरमधल्या डायफ्राम-निडलसारख्या भागांचा नवा संच, बसवताना माझी एक चूक झाली होती, ती सांगतो. नोव्हेंबरात मी ऑनलाइन मिळालेलं स्वस्त किट घातलं होतं. डायफ्राम कागदासारखा कडक, निडलचं टोक खडबडीत. दाबाची चाचणी घेतली तेव्हा ती निडल हळूहळू दाब सोडत होती. या वेळी मिकुनीचं मूळ किट मागवलं, यायला तीन आठवडे लागले. दादांना तीन आठवडे थांबा म्हणताना जीव कसानुसा झाला, पण दुसरा मार्ग नव्हता.

निडलची चाचणी अशी. डायफ्रामचं झाकण काढलेलं, परतीचं तोंड बोटानं बंद, पेट्रोल यायच्या तोंडाला छोटा हातपंप आणि गेज. निडलवर दोन थेंब पेट्रोल टाका, कोरडी निडल खोटा आकडा दाखवते. पंप मारत जा. एका दाबाला निडल फट्‌दिशी उघडते. तो आकडा लिहा. तीन वेळा करा. तिन्ही वेळा जवळपास सारखा आला पाहिजे आणि दोन्ही कार्बोरेटरचा एकमेकांशी जुळला पाहिजे. उघडून बंद झाल्यावर उरलेला दाब टिकला पाहिजे. किती पौंडांना उघडायला हवी हे निडल जिथं टेकते त्या सीटचं माप आणि स्प्रिंग यांच्यावर ठरतं. सुपर बीएनच्या स्प्रिंगा ६५, ८०, ९५ आणि ११५ ग्रॅमच्या मिळतात. आपल्या गाडीची कुठली ते मॅन्युअल सांगेल. स्प्रिंग कापणं किंवा ताणणं हा उपाय नव्हे.

लिव्हरची उंचीही बघा. लिव्हरचं टोक शेजारच्या धातूच्या पातळीत हवं. मी स्टीलची सहा इंची पट्टी आडवी ठेवून बघतो. लिव्हर वर राहिली तर पेट्रोल जास्त, खाली राहिली तर कमी. वाकवताना निडलवर जोर येऊ देऊ नका.

परतीच्या नळीच्या तोंडात बारीक भोकाचा अडसर असतो. साफ करताना तो हरवला किंवा कुणी मोठा केला, तर सगळं पेट्रोल टाकीत परत जाईल आणि निडलपाशी दाबच राहणार नाही. तो भाग आहे याची खात्री करून मगच नळी चढवा.

पिस्टन का गेला, आणि नवा घालण्याआधी काय बघितलं

कॉम्प्रेशन पुढच्या सिलिंडरला १५० पौंड, मागच्याला ९५. हेड आणि सिलिंडर काढल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे, रिंग खाचेत अडकून बसलेली. पेट्रोल कमी पडलं की ज्वाला जास्त तापते आणि पिस्टनला थंड करणारं पेट्रोलच उरत नाही. पिस्टन फुगतो आणि सगळ्यात गरम बाजूला भिंतीला घासतो. तेल पंपानं जात होतं, तरीही वाचला नाही.

सिलिंडरचं बोअरिंग-होनिंग (भोक किंचित मोठं करून घासून सारखं करणं) उद्यमबागेतच झालं. या बाबतीत आपलं गाव भाग्यवान. फाउंड्र्या आणि मशिनशॉप यांच्यामुळं मायक्रॉनची भाषा कळणारी माणसं चहाच्या टपरीवर भेटतात. पिस्टन हातात आल्यावर त्याचं माप घेऊनच बोअर करायला सांगा, आधी नको.

नवा पिस्टन घातल्यावर क्रँककेसची हवा टिकते का ते बघा. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबर लावून बंद, पल्स लाइनच्या नळीतून ५ पौंड दाब, तीन मिनिटं. काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून शोधा. क्रँकचं सील गळकं असेल तर नव्या नळ्या आणि नवा कार्बोरेटर असूनही नवा पिस्टन तसाच जळेल. ही चाचणी टाळून गाडी परत दिली असती तर चौथी फेरी ठरलेली होती.

तेलाच्या बारीक नळ्याही बदलल्या आणि तेलपंपातली हवा काढली. तेल कुठलं हे इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणं घ्या. काही इंजिनांना एपीआय टीसी दर्जाचं तेल लागतं, काहींना टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं. डब्यावर "टू-स्ट्रोक" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. नव्या पिस्टनला पहिल्या टाकीत पन्नास लिटरला एक लिटर या हिशेबानं पेट्रोलमध्येही तेल घातलं.

बेळगावात ट्यून करून मालवणला पाठवू नका

ही गोष्ट घाटावरच्या प्रत्येक मेकॅनिकनं लक्षात घ्यावी असं मला वाटतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास कमी. कार्बोरेटर समुद्राच्या पातळीला बरोबर असेल तर इथं तो थोडं जास्त पेट्रोल देतोय असं भासतं, धूर जरा जास्त, आवाज जरा जड. आपला कान मोटारसायकलीवर तयार झालेला. आपण स्क्रू आत घेतो, आवाज मोकळा होतो, समाधान वाटतं. तीच गाडी आंबोली उतरून तारकर्लीला गेली की हवा दाट, पेट्रोल कमी, आणि पिस्टन परत धोक्यात. माझ्या पहिल्या दोन कामांत डिंकाच्या जोडीला हेही घडलं होतं. मी कानानं स्क्रू आत घेतले होते.

आता मी इथं फक्त मॅन्युअलचे आकडे लावतो आणि शेवटचं ट्यूनिंग गाडी जिथं चालणार तिथं करतो. गाडी हिडकलच्या जलाशयावर किंवा गणेशगुडीला चालणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथली उंची तिथं बघायची. काही जण चाचणीला राकसकोपचं नाव काढतात. ते आपल्या गावाचं पिण्याचं पाणी आहे. टू-स्ट्रोकचं तेल त्यात जाऊ देऊ नये.

गॅरेजमध्ये नळाच्या पाण्यावर चालवायची तर क्रम पाळा. आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ बंद, मग लगेच इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं.

मालवणला आम्ही दोघे पहाटे गेलो. पहिली वीस मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर, वेग बदलत. नंतर पूर्ण थ्रॉटलवर दोन मिनिटं, तिथंच थ्रॉटल न सोडता इंजिन बंद, आणि पाण्यावरच प्लग काढले. लो स्क्रू पाव फेरी बाहेर घेतला. दुसऱ्या खेपेला दोन्ही प्लग चहाच्या रंगाचे, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण बरोबर. त्यानंतर दादांनी पूर्ण थ्रॉटलवर पंचवीस मिनिटं फेरी मारली. दहाव्या मिनिटाला मी घड्याळ बघत किनाऱ्यावर उभा होतो. आवाज बसला नाही.

पावसाळ्यात काय करायचं

हा आजार दर वर्षी हंगामाच्या तोंडावर परत येतो त्याचं कारण जून ते ऑगस्ट. समुद्र बंद, गाडी छपराखाली, टाकीत अर्धं पेट्रोल. इथेनॉल कोकणच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतल्या नळीचं तोंड बरोबर तिथंच असतं. ऑक्टोबरात स्टार्टर मारला की पहिला घोट त्याचाच.

मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीनंतर टाकी रिकामी करा. ते पेट्रोल टू-स्ट्रोक मोटारसायकलीत वापरून टाका, त्यात तेल घातलेलं असलं तरी चालतं. कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत नळाच्या पाण्यावर आयडलिंगला चालू ठेवा, रेस देऊ नका. थांबताना कार्बोरेटरच्या तोंडातून फॉगिंग ऑइल (आतला गंज टाळणारं फवाऱ्याचं तेल) मारा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून इंजिन दोन-चार फेरे फिरवा. फिल्टरची वाटी उघडून पुसून ठेवा. ऑक्टोबरात ताजं पेट्रोल भरल्यावर आधी तीच वाटी बघा. तळाशी पाण्याचा थेंब किंवा हिरवट काही दिसलं तर गाडी पाण्यात घालू नका, नळ्यांपासून सुरुवात करा.